चंद्रव्वाकाकूंचं ऐकणं

चंद्रव्वाकाकूंनी तीस वर्षं सोलापुरातल्या यंत्रमागांच्या खडखडाटात सुताच्या कांड्या भरल्या. तिथं आवाज पोचायचा नाही, म्हणून बायका एकमेकींचे ओठ वाचून गप्पा मारायच्या. आता काकूंना कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.

त्यांचा लेक गुरुशांत आमच्या कंट्री रॉक बँडचा गायक, मी गिटारवर. आमची चाल बैलगाडीसारखी संथ निघते, मग गिटार गुंगी आणते आणि शेवटी असा कल्लोळ उठतो की शब्द बुडून जातात. लोक म्हणतात, काही कळत नाही. नाही कळत तर खुशाल उठून जावं की!

रविवारी संध्याकाळी आम्ही एका बंद कारखान्यात वाजवलं. उन्हाच्या तिरिपेत कापसाचे तंतू तरंगत होते. काकू पुढच्या खुर्चीवर, नजर लेकाच्या तोंडावर. शब्दन्‌शब्द त्यांच्याही ओठांवर उमटत होता.

कल्लोळ टिपेला गेला तेव्हा गुरुशांत माइकपासून मागं सरला. त्याचे नुसते ओठ हलले. त्यांच्या घरात वावरून एवढं वाचायला मीही शिकलोय. तो विचारत होता, "आई, ऐकू येतंय?"

काकूंचे ओठ हलले, "व्हय की. सगळं."