चुलीवरून उचललेलं कालवण

"कल्लं बघ, मग घे," असं म्हणत ती माशाच्या गळ्याशी बोट घालायची आणि लालभडक कल्ले उघडून दाखवायची. कुणी मागितलं नाही तरी दाखवायची.

उंब्रजजवळ कृष्णेच्या काठाला तिचा भोईवाडा होता. त्यांचे आजे-पणजे मेणे वाहायचे. मेणे गेल्यावर गूळ उकळायच्या जुन्या, रुंद काहिलीत बसवून ते माणसांना नदीपार नेऊ लागले. तुमच्यातलंही कुणी तसं गेलं असेल. मग पूल झाला. राहिली फक्त मासळी. ती म्हणायची, "पूल बांदनाऱ्यास्नी बी मीच मरळ खाऊ घातली. लय चाटूनपुसून खाल्ली."

ती आमच्या पायरीवर बसायची. सासूबाईंना मासे आवडायचे, पण भोईण आत आलेली चालायची नाही. तीही कधी आली नाही.

दुष्काळ सरल्यानंतरच्या उन्हाळ्यात साखर कारखान्याची मळी नदीत सुटली. सकाळी पाण्यावर मासेच मासे, पांढरी पोटं वर करून. गावानं टोपल्या भरल्या. तिच्या थोरल्यानंही भरल्या आणि दारोदार विकल्या. आम्हीही घेतले.

कालवणाला उकळी आली होती. ती धावत आली ती थेट चुलीपाशी. पदरानं भांडं उचललं आणि परसात नेऊन ओतलं. मला वाटलं, हिला वेड लागलं. माझ्या हातातली पळी हातातच राहिली.

"आगं, सैपाकघरात शिरलीस?" सासूबाई कडाडल्या.

"शिरले. शिव्या मागनं द्या. आवं, ते पान्यात मेल्यालं हाय, जाळ्यातलं न्हाई. भोई आसलं इकत न्हाई."

"तुज्याच पोरानं दिलं की."

"व्हय. म्हनून तर आले."

पोरगा दारात उभा होता. "आये, गप ऱ्हा. उद्यापासनं आपल्याकडनं कोन घेनार?"

"न्हाई घेतलं तर न्हाई," म्हणत ती शेजारच्या घरात शिरली. आळीतल्या एकेका चुलीवरचं भांडं तिनं तसंच खाली उतरवलं.

पोराचं बोलणं खरं झालं. पावसाळ्यात नदी धुऊन निघाली, टोपलीत मासे उड्या मारू लागले, पण ती दिसली की लोक दारं लोटून घ्यायचे. सासूबाई तेवढ्या घ्यायच्या, आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असा भाव करायच्या. पण एका घरावर वाडा जगत नाही. भोईवाडा उठला.

पुढं एकदा ती उंब्रजच्या रस्त्यावर दिसली. उसानं भरलेल्या बैलगाडीवर, मोळ्यांवर, मांडीवर कोयता घेऊन बसलेली. हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं, पण माझा आवाज वेळेवर कधी निघतच नाही. गाडी त्याच कारखान्याच्या फाट्याला वळली.