देशाची चौकशी

नव्वदीच्या दशकातला एक रविवार. आमचं आष्ट्याचं घर, आणि ताईला सांगून आलेलं स्थळ... मुलगा उंब्रजचा, औषध कंपनीत, घरचं सगळं नीट. फक्त नोकरी ताश्कंदला.

ताश्कंद म्हटल्याबरोबर आत्याचं शेंगा फोडणं थांबलं. आत्या म्हणजे आण्णांची, आमच्या वडिलांची, थोरली बहीण, आमच्याकडेच राहायची. "आपलं पंतप्रधान तितंच वारलं न्हवं का रं? नगं बाई तसलं गाव."

स्थळ आणणारे काका घाईघाईनं म्हणाले, "अहो, ते जुनं झालं. आता तो स्वतंत्र देश आहे, उझबेकिस्तान." त्यानं तर घोळ आणखीच वाढला. परवापर्यंत नकाशात नसलेल्या देशात मुलगी द्यायची?

मुलाची चौकशी कशी करायची हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ होतं. गावातल्या किराणा दुकानदाराला विचारायचं, शेजारच्या घरात पाणी प्यायला म्हणून जायचं. आण्णा एसट्या बदलत उंब्रजला जाऊन हे सगळं करून आले, माणसं चांगली निघाली.

पण देशाची चौकशी कुणाकडे करणार? आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा सांगलीला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते. "तुला अर्थशास्त्र आहे ना? मग कर की तू."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू... घरातलं इतकं मोठं काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलं होतं.

कॉलेजच्या लायब्ररीतला नकाशा उघडला, तर वर एकच अवाढव्य गुलाबी देश पसरलेला. ताश्कंद होतं, उझबेकिस्तानची हद्द मात्र कुठेच नाही. लायब्ररीतल्या मॅडम म्हणाल्या, "नवा अ‍ॅटलस मागवलाय, येईल तेव्हा खरा."

एका इंग्रजी वार्षिकात अर्धं पान सापडलं. कापूस, सोनं, गॅस, रेशीम. नव्या चलनाचं नाव सोम. अर्थशास्त्राच्या सरांनी ते पान वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "यातले बरेच आकडे त्या जुन्या मोठ्या देशाचे असणार. यांचे वेगळे अजून कुणी नीट मोजलेच नसतील."

संध्याकाळी आष्ट्याला उतरून घरी आले की ताई चहा ठेवायची आणि हळूच विचारायची, "आज काय सापडलं गं?" जायचं तर तिलाच होतं... आम्ही सगळे तिच्या वतीनं नुसते शोधत होतो.

शेवटी जमलं तेवढं मी घरात सांगितलं. हा देश अमुक साली स्वतंत्र झाला, असं म्हटल्यावर आत्यानं विचारलं, "इंग्रजांपासनं व्हय?"

"नाही आत्या. रशियाबरोबर एकत्र होते सगळे, मग वेगळे निघाले."

"म्हंजे वाटणी झाली म्हण की! मग पाणी कुणाच्या वाट्याला गेलं?"

आम्हाला हसू आलं. अर्ध्या पानात कापूस होता, पाण्याचं काहीच नव्हतं. आत्याच्या सासरी वाटणीत विहीर दिराकडे गेली होती आणि हिच्याकडे नुसतं रान आलं होतं. पुढची सगळी वर्षं पाण्याच्या पाळीसाठी दिराच्या दारात उभं राहण्यात गेली... त्यामुळे तिला आमच्यासारखं हसू आलं नाही.

मुलगा रजेवर आला तेव्हा बघण्याचा कार्यक्रम झाला. पोहे झाले, नेहमीचे प्रश्न झाले. मग काका नेहमीसारखे म्हणाले, "तुला काही विचारायचंय का मुली?" याचं उत्तर मान हलवून नाही, असंच असायचं.

ताईनं मान वर केली. "तिथं वाटणीत पाणी कुणाकडे गेलं?"

आण्णांना ठसका लागला. मुलगा मात्र सरसावून बसला. "शेजारच्यांकडे. डोंगर त्यांच्या हद्दीत आहेत, आणि कापूस उझबेकिस्तानात. उन्हाळ्यात त्यांनी पाणी सोडायचं, थंडीत यांनी त्यांना गॅस द्यायचा, असं चाललंय."

"आवं पाव्हणं, पर शेजारी न्हाई म्हणाला तर?" आत्या.

"ते मला माहीत नाही, आत्या. तिथल्या लोकांनाही माहीत नाही."

मुलाचे वडील मध्येच म्हणाले, "तसं काही नाही हो, सगळं छान आहे तिकडं." मुलगा शांतपणे म्हणाला, "नाही बाबा, दुकानात रांगा असतात. आज मिळालेली वस्तू उद्या मिळेलच असं नाही. पण माणसं फार प्रेमाची आहेत."

आण्णांनी मुद्द्याचं विचारलं. "नोकरी किती वर्षं टिकेल?"

"तेही माहीत नाही. कंपनी नवी, देश नवा... मी शिकतोय अजून."

काकांनी कपाळाला हात लावला. जमत आलेलं लग्न पोरगा आपल्या तोंडानं मोडतोय, असं त्यांना वाटलं असणार.

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात कपबशा विसळत होते. ताई शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "आण्णांना सांग, माझा होकार आहे."

"अगं, पण त्याला तर काहीच माहीत नाही!"

"आधी बघायला आलेल्या दोघांना सगळं माहीत होतं गं..." एवढंच म्हणाली आणि पुसायचं फडकं घेतलं.

लग्न होऊन ताई तिकडे गेली, काही वर्षं तिथं राहिली. रांगेत उभं राहून दूध आणलं, मोडकीतोडकी भाषा शिकली, थोरल्या लेकीला तिथंच चालायला शिकवलं. हाल झाले का, तर झालेही. पण त्याबद्दल बोलताना दोघं अजूनही एकमेकांचं वाक्य पुरं करतात.

मोठ्या माणसांच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, न लाजता 'मला माहीत नाही' म्हणणारा पुरुष मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आज कबूल करायला हरकत नाही... ताईच्या वतीनं तिच्या आधी मीच मनातल्या मनात हो म्हणून टाकलं होतं.