शेवटचं वाक्य हेडली थ्रेलकडे होतं

हेडली थ्रेलला पाहून लोक विसरून जात. त्याचं कामच तसं होतं. बेचाळीस वर्षं त्याने बटलर, पाद्री, डॉक्टर आणि फौजदार केले. नायक एकदाही नाही. हॅलिफॅक्सच्या लोकरगिरणीत वजनकाट्यावर बसणाऱ्या माणसाचा हा मुलगा एकोणिसाव्या वर्षी फिरत्या कंपनीत शिरला आणि पहिल्याच महिन्यात सत्तरीचा म्हातारा झाला. बिस्किटांच्या डब्यात त्याच्या नऊ मिशा असत. सिनेमात तो तीनदा दिसला, त्यातही दोनदा पाठमोरा. पण रंगमंचावर त्याने नुसता चहा ओतला, तरी पहिल्या रांगेतल्या बायकांना तहान लागायची!

१९५४ साली स्कारबरोत आमची कंपनी दर सोमवारी नवं नाटक लावायची. मी, विनिफ्रेड, बहुतेक वेळा विधवा. हेडलीचं पाठांतर तेव्हा विरत चाललं होतं. भर प्रयोगात तो दोनदा गप्प झाला होता. मॅनेजर पेलिंग त्याला म्हणाले, "तिसऱ्यांदा अडलास ना हेडली, तर तुझी ट्रंक मी स्वतः स्टेशनवर पोचवीन."

आणि नेमकं त्याच आठवड्यात, नाटकाचं शेवटचं वाक्य वकील झालेल्या हेडलीकडे आलं.

आमच्यात शेवटचं वाक्य तालमीत कुणी उच्चारत नाही. उच्चारलं की नाटक पडतं. ते तोंडातून निघायचं ते थेट पहिल्या प्रयोगाला. तालमीत हेडली तिथे "टम टी टम" म्हणायचा, सगळे हसायचे. मला त्याच्या कपाळावरचा घाम दिसायचा.

सोमवारी दुपारी रंगपटात त्याने माझं मनगट धरलं. बोटं थंडगार.

"विनी, सकाळी पाठ होतं. चहाच्या वेळेपर्यंत जातं."

"अरे, मग समुद्रावर जा आणि मोठ्याने म्हण."

"आणि नाटक पाडू? सगळ्यांच्या पोटावर पाय देऊ?"

"बरं बाबा. मिस क्रॅब आहे ना विंगेत पुस्तक घेऊन. ती झोपेतसुद्धा प्रॉम्प्ट करते."

"तिच्या झोपेचीच तर भीती वाटते," तो म्हणाला. पण हसला नाही.

तिसऱ्या अंकाच्या शेवटी मी पत्र वाचून रडते. वकील टोपी उचलतो, दाराशी जातो, वळतो, वाक्य म्हणतो आणि पडदा पडतो.

हेडली वळला. तोंड उघडलं. काहीच आलं नाही. त्याचे डोळे माझ्यावर होते, पण मला ओळखत नव्हते.

विंगेत टर्रकन कागद फाटला. मिस क्रॅब शकुन-अपशकुनात आम्हा सगळ्यांच्या वरताण. चुकून ओठांवर येऊ नये म्हणून तिने पुस्तकातल्या त्या ओळीवर पट्टी चिकटवली होती. खळ पक्की निघाली. पट्टी सुटली ती ओळ घेऊनच. मी तरी काय सांगणार? आम्हाला फक्त आपापली वाक्यं लिहून मिळायची.

हेडली परत माझ्याजवळ आला. टोपी ठेवली. माझ्या हातातलं पत्र घेऊन घडी घातली, मग आणखी एक, आणखी एक. त्याचा हात इतका कापत होता की कागद वाजत होता. लोकांना तो अभिनय वाटला. घडी माझ्या तळव्यात ठेवून त्याने माझी बोटं मिटली, टोपी उचलली आणि गेला.

पडदा. आणि टाळ्या, थांबेचनात.

पेलिंग धावत आत आले. "वाक्य कुठे गेलं रे?" मग त्यांनी रुमालाने नाक पुसलं. "मरू दे वाक्य. शनिवारपर्यंत हेच कर. जसंच्या तसं."

"हो, साहेब," हेडली म्हणाला.

रंगपटात आल्यावर त्याने दार लावलं आणि दाराला पाठ टेकली.

"विनी, मी काय केलं?"

मला वाटलं, थट्टा करतोय. "नाटकं करू नकोस. पत्राची घडी घातलीस..."

"कुठलं पत्र?"

मी त्याला खुर्चीवर बसवलं, त्याच्या हातात पत्र दिलं. त्याची टोपी घेऊन दाराशी गेले आणि वळले. एकेक करत सगळं करून दाखवलं. त्याची बोटं मिटली तेव्हा ती अजून थंडच होती.

"पुन्हा," तो म्हणाला.