पहिला सात

भोसले घाटावर रोज सकाळी भेटणारे हे काका गणिताचे निवृत्त प्राध्यापक आहेत. गंगेत स्नान झालं की ते ओल्या बोटानं पायरीवर एक आकडा लिहितात, ७३९३९१३३, आणि मला थांबवतात.

"ह्याला कशानंच भाग जात नाही, एक आणि तो स्वतः सोडून. आता शेवटचा तीन पुसला. तरी जात नाही. त्याच्या अलीकडचा पुसला, तरी नाही. समझलीस का, बेटा?"

असं उजवीकडून पुसत पुसत शेवटी नुसता सात उरतो. काका त्याच्याकडे आरशात बघावं तसं बघतात.

"पण पहिला सातच पुसलास, तर उरलेल्याला अकरानं सरळ भाग जातो. परिवाराचंही तसंच. धाकटे गेले तर चालतं, थोरला हवाच."

काका चौघा भावांत थोरले आहेत, हे वेगळं सांगायला नको.

यंदा गणपतीत काका तापानं पडले. त्यामुळे पूजा पहिल्यांदाच धाकट्यांनी केली. मी गेले होते. आरती वेळेवर झाली, मोदक छान झाले होते, नेहमीचं भांडण तेवढं राहून गेलं.

चार दिवसांनी काका काठी टेकत घाटावर आले. त्यांनी आकडा लिहिला, पहिला सात स्वतःच पुसला आणि पाणी वाळायच्या आत उरलेल्याला घाईघाईनं अकरानं भागलं.

"गेला की नाही भाग?"

"गेला, काका."

तेव्हा कुठे त्यांचा ताप उतरला.