माघातल्या कैऱ्या

त्या वर्षी थंडीने आम्हाला फसवलं, आणि फसवणूक मला सहन होत नाही. दिवाळीनंतर काढलेल्या रजया घडी न मोडताच परत पेटीत गेल्या. घरामागच्या सांदवाडीत सांभार, म्हणजे कोथिंबीर, हाताएवढा होण्याआधीच फुलावर आला, कारल्याचा वेल कुंपण चढला आणि आंबा तर मार्गशीर्षातच मोहरला. माघ लागला तेव्हा फांद्यांना लिंबाएवढ्या कैऱ्या लटकत होत्या. मी रोज उठून त्या झाडाशी भांडत असे.

त्याच दिवसांत लेक माहेरी आली. चौथा महिना होता आणि पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. पंधरा दिवसांत तिचं तोंड एवढंसं झालं. तिला एकच गोष्ट हवी होती, कैरी. आणि कैरी तिच्या खाटेवरून दिसत होती.

मी काठी घेऊन निघालो, तर बायको आडवी आली. "पंडुम नाई झाला. हात नका लावू जी."

आमच्यात नवं फळ आधी देवाला आणि पूर्वजांना द्यायचं, मग माणसांनी खायचं. त्या दिवसाला पंडुम म्हणतात. आंब्याच्या पंडुमला अजून दोन महिने होते. मी एकटा असतो तर तोडली असती, पण लेकच म्हणाली, "तशी नाई खात मी, बाबा."

मग गायत्याकडे गेलो. गावाची पूजा तोच करतो, पंडुमचा दिवसही तोच सांगतो. म्हातारा अंगणात बांबूच्या कामट्या सोलत होता. मी बाजारात टोपली घेऊन बसण्यापासून सुरुवात केलेला माणूस, आज माझी भाजी माझ्याच गाडीतून घुग्घुसच्या बाजारात जाते. सौदा कसा करायचा ते मला शिकवायला नको.

"भाऊ, पंडुम अलीकडे घ्या. कोंबडा माह्या घरचा."

तो सोलतच राहिला.

"दोन कोंबडे. बरं, बकरा देतो!"

"हा काय बाजार होय का रे?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. एकोणीस वर्षांचा असताना मी पंडुमआधी कैऱ्या तोडून बाजारात विकल्या होत्या. गावाने दंड म्हणून माझी एकुलती एक बकरी नेली. ती विकून मी पहिला तराजू घेणार होतो. ते सगळं मी त्याच्या अंगणात उभं राहून ओरडून सांगितलं. "तवा मी चुकलो म्हणून दंड. आता झाड चुकलं, तर झाडाले दंड लावा ना!"

म्हातारा हसला. "तवा तू विचारलं होतं का? आज पहिल्यांदा विचारून राह्यला. तेही बोंबलून."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गावाची बैठक बोलावली. मी रात्रभर मुद्दे जुळवून गेलो होतो. एकाचीही गरज पडली नाही. प्रत्येकाच्या सांदवाडीत आंबा धरला होता, प्रत्येक घरात पोरं वर बघत बसली होती, आणि आधी कोणी विचारायचं म्हणून सगळे अडून होते. एका म्हातारीने फक्त विचारलं, "पोरगी काही खाऊन नाई राह्यली का?" मी मान हलवली. चौथ्या दिवसाचा पंडुम ठरला. बकरा कोणी मागितलाच नाही.

चौथ्या दिवशी देवापुढे कैऱ्या ठेवल्या, पूजा झाली, मग त्या चिरल्या. लेकीने मीठ-तिखट लावून तीन काप खाल्ले. आम्ही दोघं नवरा-बायको तिच्या तोंडाकडे बघत बसलो. अर्धा तास गेला, तासही गेला. पोटात ठरलं.

"बाबा, तुम्ही नाई खात?"

नाही खाल्ली. इतकं सोपं होतं, तर त्या वयात मला कोणी म्हणालं का नाही, की विचारून तर बघ? पंडुमची कैरी घेऊन घरी येणाऱ्या प्रत्येकाकडे मी डोळे वटारून बघत होतो, आणि ते मला हसून कैरी देत होते.

"अजून एक काप द्या," लेक म्हणाली, आणि मी विळी घेऊन बसलो.