हिपरग्याच्या तळ्यातली मरळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आज तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही भवानी पेठेत राहायचो. थोरला भाऊ — अण्णा — गिरणीत कामाला. सुट्टीला सायकलवर डबलसीट हिपरग्याच्या तळ्यावर जायचो. मला मिसरूड फुटलेलं, म्हणजे अजाण नव्हतो मी.

अण्णाला वेड एकाच माशाचं. बाकीचे मासे कणकेच्या गोळीलाही भुलतात. मरळीला जिवंत बेडूक लागतो, अन् तोही ती पाणी फोडून झडप घालून नेते. दुष्काळात तळं आटलं तेव्हा ती स्वतःला चिखलात गाडून घेऊन जगली, असं अण्णा सांगायचा. सांगताना त्याचा आवाज देवळातल्यासारखा खाली यायचा.

आणि एका दुपारी ती गळाला लागली.

अण्णानं दोरी माझ्या हातात दिली अन् कमरेइतक्या पाण्यात उतरला. "सोडू नगंस! लई मोटी हाय!" तेवढ्यात ती वर आली. कशी सांगू? सापाचं डोकं, काळी पाठ, मांडीएवढं अंग — आणि तो डोळा. मी एवढं जिवंत काही पाहिलं नव्हतं. तिनं हिसका दिला, नायलॉनची दोरी बोटांत रुतली, पाय घसरला. ती मला आत ओढणार, असंच वाटलं.

दोरी तुटली नाही. मी कापली. खिशातल्या पात्यानं. अण्णाची पाठ माझ्याकडं होती.

एवढ्यावर थांबलो असतो तर — पण नाही. तो वळायच्या आत मी दोरीचं टोक दातांनी चावून कुरतडलं. तुटल्यासारखं दिसावं म्हणून.

अण्णानं ते टोक हातात घेतलं. "माजीच दोरी जुनी रं," म्हणाला.

गल्लीत त्यानं हात पसरून मरळीची लांबी दाखवली. लोक हसले. "तू बी हुतास की. व्हय का रं एवढी?" मला विचारलं. अण्णा माझ्याकडं बघत होता.

"पाणी गढूळ हुतं. मला न्हाय दिसली," मी म्हणालो.

मग तर त्याला 'मरळ अण्णा'च म्हणू लागले. तो पुन्हा तळ्यावर गेला नाही. मला कधी एका शब्दानं बोलला नाही. दोन वर्षांमागं वारला, तेव्हा खांदा द्यायला आलेल्यांतही कुणीतरी ते नाव घेतलं. मी तिरडीला धरून होतो.

मरळ होती. अण्णा हात पसरून दाखवायचा, त्याहून मोठी होती.