बंद करायचं बटण वाटीत होतं

जुन्या बाजारातून जनरेटर रिक्षात घालून आणला, तेव्हा बायकोने दार अर्धंच उघडलं. “अहो, आत हे येणार की तुम्ही?”

मी आत गेलो. जनरेटर पार्किंगमध्ये राहिला.

टेलिफोनवाले रस्ता खणून केबल जोडायचे, तेव्हा दिवे लावायला आणि खड्ड्यातलं पाणी उपसायला असले पेटीएवढे जनरेटर बरोबर न्यायचे. आधीचे दोन मी जिवंत केले होते. ते बाल्कनीत तुळशीशेजारी विराजमान आहेत. म्हणून तिसऱ्यासाठी बायकोची अट होती: रविवारी जेवणाआधी सुरू झाला तर राहील, नाहीतर भंगारवाला.

वरच्या मजल्यावरचे काका टेलिफोन खात्यातले निवृत्त इंजिनिअर. रोज दूध आणायला जाताना थांबायचे. “अजून मेलेलाच का?” मी मदत मागितली, तर म्हणाले, “असले फार वर्षं उचललेत. पाठीला विचारून सांगतो.”

रविवारी बारापासून मी जनरेटर सुरू करायची दोरी ओढत होतो. दीड वाजता बायको मोबाइलवर भंगारवाल्याचा नंबर काढूनच खाली आली. मी नाटकातल्या शेवटच्या प्रवेशासारखा जनरेटरला वाकून नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी दोरी खेचली.

सुरू! काय ती गर्जना! मी हात उंचावून वर पाहिलं. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या, पण टाळी एकही नाही. रविवारची दुपार, पुण्याची झोपमोड झाली होती.

बंद करायला गेलो आणि आठवलं. बंद करायचं बटण घासून इतकं देखणं झालं होतं, की शेवटी बसवू म्हणून स्वयंपाकघरात वाटीत ठेवलं होतं.

काका बनियनवरच धावत आले, कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबला. जनरेटर गुदमरून थांबला.

“दीड वाजून गेला,” बायको म्हणाली. “जेवणाची वेळ एकची.”

“वहिनी, तुम्ही दोघं जेवलात?”

“नाही अजून.”

“मग हे जेवणाआधीच झालं.” काकांनी पेट्रोलचा हात हुंगला आणि माझ्याकडे वळले. “चारला पुन्हा लावा. आवाज ऐकायचाय. आत्ता झोपू द्या.”

चार वाजता काका इस्त्रीचा शर्ट घालून उतरले. बटण जागेवर होतं. पाठीला न विचारताच त्यांनी दोरी धरली. एक झटका, सुरू.

बायको मला म्हणाली, “अहो, बघून ठेवा. चौथा आणाल तेव्हा उपयोगी पडेल.”